बसून ऐकायचं गाणं

तुम्ही शेवटचं कुणाच्या लग्नात नाचलात? भावाच्या, मेहुण्याच्या, कारखान्यातल्या कुणाच्या? कुणाच्या का असेना. 'ये रे कंबेर' सुरू झालं तेव्हा तुम्ही खुर्चीवर होतात की नाचाच्या रांगेत, तेवढं सांगा.

उत्तर मला माहीत आहे. आपल्याकडे हे गाणं लागलं की सत्तरीची म्हातारीसुद्धा गुडघा धरून उठते. करंगळीत करंगळी अडकते, रांगेच्या टोकाचा गडी रुमाल फिरवायला लागतो, आणि ज्याला पाय टाकता येत नाही तो निदान टाळ्या तरी वाजवतो. मी कुणाला नावं ठेवायला बसलेले नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात मी यावर इतकी नाचले की सँडलची टाच निखळून आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला ऐकवायला नको.

गाणं हिदिर उस्ताचं. बसच्या टपावर आपलं तारांचं वाद्य, साझ, बांधून चाळीस वर्षं जो अनातोलिया फिरला, ज्याच्या कॅसेटी तुमच्या बापाच्या ट्रकमध्ये वाजल्या, तो. त्याच्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या त्यात 'लग्नसमारंभांची शान' असं छापलं होतं. ते वाचून मी पेपर चुरगाळला. ज्याला लग्नं खाऊन गेली त्याला लग्नांची शान म्हणता?

आम्ही दोघं एकाच गावचे, कराओलुकचे. माझा बाप आणि हिदिर एकाच कोळशाच्या खाणीत उतरायचे. मी साखर कारखान्यात बावीस वर्षं बीट धुतलं, आता न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत खाणीतल्या कुटुंबांची संघटना चालवते. शिक्षण पाचवी. बाकीचं पत्रकं लिहिता लिहिता शिकले. तेव्हा वाक्य वाकडं गेलं तर सांभाळून घ्या, गोष्ट मात्र सरळ आहे.

हिदिरचा बाप लग्नात ढोल वाजवायचा. पोरानं ढोल घेतला नाही. त्यानं तुतीच्या लाकडाचा, लांब मानेचा साझ घेतला आणि पोट भरायला खाणीत गेला. अकरा वर्षं तो खाली होता. पाळी संपवून वर आला की चहाच्या दुकानात कोपरा धरून बसायचा, नखांतला कोळसा तसाच, आणि वाजवायचा. आवाज मोठा नव्हता. पण त्यानं पहिली तार छेडली की पत्ते खेळणारे पत्ते पालथे घालायचे, हे मी लहानपणी दारातून बघितलेलं आहे. आत यायची आम्हा मुलींना परवानगी नव्हती.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये खाली वायू पेटला आणि खाण बसली. अकरा माणसं गेली. मालकाचं नाव घेत नाही, आमचा वकील म्हणतो घेऊ नकोस. गेलेल्यांत कंबेर होता, बावीस वर्षांचा, हिदिरच्या हाताखाली काम करायचा. त्या पाळीला हिदिर वरच्या थरात होता म्हणून वाचला. कंबेरचं काय मिळालं ते मी लिहिणार नाही. घरी एका पोत्यातून त्याचा कोट, टोपी आणि एक बूट आला. एकच. दुसरा खालीच राहिला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे घरात जमिनीवर पसरतात, बाया भोवती बसतात, आणि घरची बाई कपड्यांशी बोलते. शोकगीत आमच्यात रचलं म्हणत नाहीत, पेटवलं म्हणतात. कंबेरची आई एस्मे तीन दिवस त्या एका बुटाशी बोलली. हिदिर बाहेर पायरीवर बसून ऐकत होता. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला आत बोलावलं. ही सगळी बोलणी मला पुढं हिदिरनंच सांगितली आणि एस्मे आईनं ती खोडली नाहीत.

"हिदिर."

"बोल, आई."

"तुझ्याच हाताखाली होता ना?"

"होता."

"मग हे तूच पेटव. या बाया विसरतील. मी पण विसरेन, दुःखाला काय अक्कल असते? तारेवर चढलं की राहतं म्हणतात."

"चढवतो."

"एक ऐक. हे बसून ऐकायचं. याच्यावर कुणी टाळी वाजवायची नाही."

"कोण वाजवेल, आई?"

"कोण ते मला माहीत नाही. तू शब्द दे."

हिदिरनं साझ उभा धरला, त्याच्या मानेचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला. आमच्यात यापलीकडे शपथ नाही.

गाणं साधंच होतं. सगळं तिचंच बोलणं, यानं फक्त तारेवर ठेवलेलं.

*एकच बूट घरी आला, दुसरा कुठं रे राहिला,*
*ये रे कंबेर, ये रे.*
*उंबऱ्यावर बर्फ साचला, अनवाणी कसा रे गेला,*
*ये रे कंबेर, ये रे.*

पुढच्या दोन कडव्यांत खाण होती, फाटकाचं कुलूप होतं, अकरा दिवे होते. चाल इतकी संथ की एका 'ये रे'मध्ये माणसानं दोनदा श्वास घ्यावा. चहाच्या दुकानात त्यानं ते पहिल्यांदा गायलं तेव्हा माझा बाप कपातला चहा न पिता घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन वर्षं कराओलुकमध्ये ते गाणं तसंच ऐकलं गेलं. टाळी वाजली नाही.

त्या दोन वर्षांत हिदिरनं दुसरं एक काम केलं. चौकशीला आलेल्या साहेबासमोर उभा राहून सांगितलं की वायू मोजायचं यंत्र आधीच्या वर्षापासून बंद पडलेलं होतं. चौकशीचं काही झालं नाही. हिदिरला मात्र फाटक बंद झालं. फुफ्फुसं काळी, घरी तीन मुली, हातात साझ. कुणीतरी म्हणालं, इस्तंबूलला जा, कॅसेटवाल्यांच्या बाजारात तुझ्यासारखे आवाज घेतात.

एक्क्याऐंशी साल. लष्कराचं राज्य, रस्त्यावर सैनिक. ज्याच्या दुकानात तो गेला त्या माणसाचं नाव नेवझात बे, बे म्हणजे साहेब. त्यानं डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, आणि डोळे उघडून म्हणाला, "उस्ता, आवाज सोनं आहे. पण हे ऐकून माणसं मेल्यासारखी बसतील."

"बसायलाच पाहिजेत."

"बसलेला माणूस कॅसेट घेत नाही. आणि हे खाणीचं, कुलपाचं काय आहे? मला आत टाकायचंय का?"

"ते घडलंय, बे."

"घडलं असेल. तू आपला बूट आणि बर्फ ठेव. बाकी दोन कडवी मी कापतो. जमत असेल तर गा, नाहीतर दाराबाहेर दहा जण उभे आहेत."

हिदिर गायला. एका बैठकीत, त्याच्याच संथ लयीत. बूट आणि बर्फ. हे त्याचं पहिलं माघार घेणं होतं आणि ते तो कधी लपवायचा नाही. म्हणायचा, "पोरी उपाशी होत्या हे खरं. पण मला कॅसेटवर माझं नाव बघायचं होतं, हे पण खरं."

पुढचं त्याला बसमध्ये कळलं. सिवासच्या रस्त्यावर, मागच्या बाकावर बसला होता. ड्रायव्हरनं कॅसेट घातली. आधी ढोलकी, मग क्लॅरिनेट, आणि मग एक पातळ, धावता आवाज. दुसऱ्या ओळीपर्यंत त्याला कळलंच नाही की आवाज त्याचा आहे. नेवझात बेनं फीत वेगानं पळवली होती आणि वर ठेका चढवला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर थापा मारत होता.

"कोण गातोय रे हा?" पुढच्या बाकावरच्यानं विचारलं.

"कुणीतरी हिदिर. लिहून ठेव, या उन्हाळ्यात एक लग्न याच्याशिवाय व्हायचं नाही. ऐक, ऐक, हे 'ये रे ये रे' ऐक, पाय बसतोय का जागेवर?"

"गाण्यात कंबेर आहे म्हटल्यावर लग्नात पाहिजेच," दुसरा म्हणाला, आणि सगळी बस हसली. आपल्याकडे म्हणच आहे, कंबेरशिवाय लग्न नाही.

हिदिर दोन गावं आधीच उतरला आणि उरलेली वाट चालत घरी गेला. कॅसेटच्या वेष्टणावर गाण्याच्या नावापुढं छापलं होतं: नाचाची चाल.

आता तुम्ही म्हणाल, मग गायचं नव्हतं पुढं. मी पण म्हणायचे. तरुण होते, तोंड चालायचं. पण झालं कसं ते ऐका. पहिल्या लग्नाला त्यानं ते संथ गायलं. नवऱ्याचा काका उठून आला, "आमच्या मांडवात आम्हालाच रडवतोस?" दुसऱ्या लग्नाला त्यानं ते गायलंच नाही. लोक पाय आपटत राहिले, जेवणं थांबली, शेवटी घरधन्यानं हात जोडले. तिसऱ्याला, चौथ्याला त्यानं जरा लय वाढवली, तडजोड म्हणून. पानगळ लागेपर्यंत तो कॅसेटच्या लयीत गात होता. कुणी त्याच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. रोज थोडं थोडं झालं.

त्यानंतर अडतीस वर्षं. त्याची आणखी वीसेक गाणी होती, चांगली होती, कुणाला आठवत नाहीत. योझगात, चोरुम, कायसेरी, मग जर्मनीतले हॉल, जिथं आपलीच माणसं कारखान्याच्या पाळीवरून सरळ लग्नाला यायची आणि हे गाणं लागलं की घर आठवून नाचायची. पोस्टरवर त्याला 'कराओलुकचा बुलबुल' लिहायचे. बुलबुल सतत खोकायचा. बसमध्ये झोपायचा, लग्नाच्या मागच्या खोलीत थंड पिलाफ-भात खायचा, खोकला थांबला की बाहेर येऊन 'ये रे कंबेर'. एका उन्हाळ्यात सत्तर वेळा, कधी शंभर वेळा. मुलींची लग्नं झाली. त्यांच्या लग्नांतही लोकांनी तेच मागितलं. बापानं स्वतःच्या मुलीच्या लग्नात नाही कसं म्हणायचं?

एस्मे आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तरी दर बायरामला, सणाच्या सकाळी, तो गावी असला की साखरेचा डबा घेऊन तिच्या दाराशी जायचा. म्हातारी दार उघडायची नाही. आतून एवढंच विचारायची, "या वर्षी किती टाळ्या?"

तो खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण तो सांगायचा, "फार, आई."

"बरं. ठेव डबा पायरीवर."

डबा ती शेजारणीला द्यायची. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, बायरामला हिदिरची साखर खायला शेजारणीकडे जायचं.

एका वर्षी, त्याचा खोकला जास्तच ऐकू आला असेल, आतून आणखी एक वाक्य आलं. "हिदिर, मरायच्या आधी माझ्याकडून हक्क माफ करून घ्यायचा असेल ना, तर मला एक लग्न दाखव. हे गाणं चाललंय आणि लोक बसलेत, असं. एकच. त्या दिवशी माफ."

आपल्यात माणूस दुसऱ्याचा हक्क अंगावर घेऊन मरायला घाबरतो. कबरीत सगळं सुटतं, ते सुटत नाही म्हणतात. त्या दिवसापासून हिदिरचं दुसरं काही ध्येय उरलं नाही. बाकीची माणसं हजला जायची इच्छा धरतात, यानं एक बसलेलं लग्न धरलं.

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे गेले ते भांडायला. खाणीच्या फाटकाशी आम्ही दर मार्चमध्ये उभे राहतो, अकरा नावं वाचतो. दुर्घटनेचं पस्तिसावं वर्ष होतं. मला वाटलं, हिदिर उस्ता आला आणि मूळ चालीत गायला तर चार पत्रकार तरी येतील. चहाच्या दुकानात गाठलं. आता आम्हा बायांना आत बसता येतं, ते पण आम्ही भांडून मिळवलं.

"येणार नाही," तो म्हणाला.

"का? तिथं लोक लग्नातल्यासारखे पैसे चिकटवत नाहीत कपाळाला म्हणून?"

"तिथं कुणीतरी टाळी वाजवेल म्हणून."

"फाटकाशी कोण टाळी वाजवतंय, उस्ता? सरळ सांग ना, मालकाला घाबरतोस. अकरा माणसांच्या जिवावर तीस-पस्तीस वर्षं जेवलास, एक दिवस उपाशी उभा राहा."

त्यानं खोकला संपू दिला. मग म्हणाला, "पोरी, तुझ्या लग्नात कोण गायला होता?"

"तूच, उस्ता."

"मी तेव्हा आधी सांगितलं होतं, माइकवरून. हे गाणं शोकाचं आहे, बसून ऐका म्हणून. ऐकलं होतंस?"

"नवरीला काय ऐकू येतं, उस्ता."

"टाच तुटली होती तुझी. मला दिसली."

मग त्यानं सगळं सांगितलं, एस्मे आईच्या अटीसकट. किती प्रकारे करून बघितलं ते सांगितलं. कायसेरीत त्यानं पूर्ण हकीकत सांगितली होती, बुटाची, पोत्याची. लोक ढसाढसा रडले. रुमालानं डोळे पुसले, आणि ढोल लागल्यावर तेच रुमाल फिरवत उठले. "रडून माणूस हलका होतो," तो म्हणाला. "हलका झाला की जास्त चांगला नाचतो." हे तो चेष्टेत म्हणाला नाही. हवामान सांगावं तसं म्हणाला.

माझा स्वभाव असा आहे की लाज वाटली की मी सभा बोलावते. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न पुढं ठरलं तेव्हा मी संघटनेच्या चाळीस घरांना एकेक करून जाऊन सांगितलं. दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट, नगरपालिकेचा हॉल, दुपारची वेळ. उस्ता गाईल. संथ गाईल. आपण बसायचं. मुलांना मांडीवर धरायचं. पाहुण्यांपैकी कोण उठला तर त्याचा कोट ओढून खाली बसवायचं. भाची आधी रुसली, "आत्या, माझ्या लग्नात खाणीची सभा घेणार का?" मग म्हणाली, "बरं, एक गाणं तुमचं."

एस्मे आई सत्याऐंशीची. दोन बायांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं आणि पहिल्या रांगेत ठेवलं. हिदिर त्र्याहत्तरचा, बाजूला छोटं ऑक्सिजनचं नळकांडं. मागं कीबोर्डवाला होता, ओर्चुन नावाचा, तिशीचा, टापटीप. आजकाल एक कीबोर्डवाला असला की ढोल, क्लॅरिनेट, सगळं त्याच्या पेटीत असतं. तो हिदिरच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "उस्ता, लहानपणापासून तुमचं ऐकतो. काळजी करू नका, मी मागं आहे."

हिदिरनं तार छेडली. अर्धा हॉल सवयीनं उठला आणि मग, मी सांगते तुम्हाला, पुन्हा बसला. संघटनेची चाळीस घरं दगडासारखी. त्यांना बघून बाकीचे गोंधळले आणि बसले. नवरी बसली. हिदिरनं पहिलं कडवं गायलं, त्या लयीत, जी मी लहानपणी दारातून ऐकली होती. मग खाणीचं कडवं, जे कॅसेटनं कापलं होतं. तीनशे माणसं आणि आवाज म्हणजे फक्त वरचा पंखा. एस्मे आई हात मांडीवर ठेवून सरळ बघत होती. तिचे ओठ हलत होते. शब्द तिचेच होते ना.

एक कडवं उरलं होतं. अकरा दिव्यांचं.

'ये रे'वर हिदिरचा श्वास अडकला. हात तारेवर थांबला. फार नाही, दोन सेकंद. तो श्वास गोळा करत होता, आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

ओर्चुनला वाटलं, म्हाताऱ्याचा ताल सुटला. एवढ्या मोठ्या कलाकाराची शोभा होऊ नये म्हणून त्या भल्या माणसानं बटण दाबलं. ढोलकी सुरू झाली.

मी चाळीस घरांना सांगितलं होतं. कीबोर्डवाल्याला सांगायचं राहिलं.

आधी मुलं सुटली. मग नवऱ्याकडची माणसं, हुश्श करून, जणू शाळा सुटली. मग आमची चाळीस घरं. मी ओरडले, "बसा, बसा," तर नाचणाऱ्यांनी मलाच हात दिला, ये म्हणून. पण ते सोडा. मी हिदिरकडे बघत होते. त्याचा उजवा हात ढोलकीमागं धावायला लागला होता. चेहरा थांबलेला, डोळे एस्मे आईवर, आणि हात आपला आपण चाललेला, अडतीस वर्षांच्या सवयीनं, एकही ठोका न चुकता.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. ओर्चुन पुढं आला, "उस्ता, लगेच पकडलं ना मी? कुणाला कळलं पण नाही."

"देव तुझं भलं करो, बाळा," हिदिर म्हणाला. त्याला खरंच ओर्चुनचा राग नव्हता. राग यायला पण ताकद लागते.

तो नळकांडं ओढत एस्मे आईच्या खुर्चीपाशी गेला आणि जमिनीवर बसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघांमध्ये दार नव्हतं.

"तुझा हात गेला, हिदिर," ती म्हणाली.

"गेला, आई."

"सवय झाली त्याला."

"झाली."

"दोन कडवी मात्र नीट झाली."

"मग अर्धं तरी माफ कर. अर्धं लग्न बसलं होतं."

"अर्ध्या लग्नाला कुणी लग्न म्हणतं का?" म्हातारी म्हणाली, आणि मला वाटतं ती थोडी हसली. मग तिनं त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला, जसं शेजारच्या पोराला मारून आलेल्या स्वतःच्या पोराचा हात धरावा. माफ केलं असं ती म्हणाली नाही. हॉलमध्ये पुढचं गाणं सुरू झालं होतं.

त्यानंतर हिदिर कुठं गायला नाही. बोलावणी आली, मुलीनं आजारपण सांगितलं. जानेवारीत तो गेला. शेवटच्या आठवड्यात मी बसले होते त्याच्याजवळ. एकदा त्यानं विचारलं, "तिसरं कडवं तुला येतं का?" मी म्हटलं येतं. "बरं," म्हणाला, आणि कूस बदलली.

जनाज्याला कराओलुकची मशीद पुरली नाही, अंगणात रांगा लागल्या. बर्फ होता. बाया मागं एका बाजूला, त्यांत एस्मे आई खुर्चीवर, अंगावर दोन घोंगड्या. इमामानं रीतीप्रमाणे विचारलं, "या माणसावर तुमचा जो काही हक्क असेल, तो माफ केलात का?"

"माफ केला," सगळे म्हणाले.

दुसऱ्यांदा विचारलं. "माफ केला."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्या माना मागं वळल्या. गावात कुणाला माहीत नव्हतं?

एस्मे आईनं घोंगडी बाजूला सारली. तिचा आवाज लहान, पण बर्फात आवाज लांब जातो.

"हिदिरला माफ केलं," ती म्हणाली. "एका हातानं टाळी वाजत नाही. त्याचा एक हात होता, तो मी माफ केला. दुसरा तुमचा. तुम्हाला माफ नाही."

इमाम गडबडला. "आजी, फक्त मयताचं विचारायची रीत आहे."

"तू मयताचं विचारलंस. मी जिवंतांचं पण सांगून टाकलं. परत कशाला ये-जा करायची थंडीत?"

जनाजा उचलला. माझ्या शेजारी ओर्चुन उभा होता, दीडशे किलोमीटरवरून आला होता. त्याला आता सगळं कळलं होतं. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तुझी चूक नाही, माझी आहे." हे वाक्य मी आयुष्यात फार लोकांना म्हटलेलं नाही.

एस्मे आई आता नव्वदची आहे. बायरामला साखरेचा डबा मी नेते. दार उघडते, डबा स्वतः ठेवून घेते, आणि मला विचारते, "किती लग्नं बसली?"

"अजून एकही नाही, आई."

"बरं," म्हणते. तोच आवाज, जो हिदिरला आतून यायचा. आता मला कळतं त्यात किती थंडी होती.

मी पत्रकं वाटली, रेडिओवाल्यांना लिहिलं, दोन हॉलच्या मालकांशी भांडले. लोक म्हणतात, ताई, एका गाण्यानं काय होतं, अकरा माणसं परत येणार आहेत का? नाही येणार. मी थकले आहे, आणि या प्रश्नाला उत्तर देऊन तर फारच थकले आहे. म्हातारी किती उन्हाळे काढेल ते मला माहीत नाही. ती गेली की मग माफ करणारं कुणी उरणार नाही, आणि जे आपल्या अंगावर आहे ते तसंच राहील, माझ्यासकट सगळ्यांच्या.

तेव्हा मी मोर्चाला या म्हणत नाही, सही मागत नाही. जूनमध्ये लग्नं सुरू होतील. तुम्ही कुठल्या ना कुठल्या मांडवात असाल, आणि हे गाणं लागेल, कारण ते लागतंच. कापलेली दोन कडवी माझ्याकडून लिहून न्या. कीबोर्डवाल्याला आधी जाऊन सांगा, ढोलकी नको. शेजारच्याच्या कोटाला धरा. आणि बसा. तिसरं कडवं संपेपर्यंत उठू नका.